हात लाव गं

“पेंटर, माझा हंडा दुसरा का रं?”

आक्काताई मान्यांनी हे विचारलं तेव्हा मी शिडीवर होतो. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि खाली शिडी धरून उभ्या होत्या त्या आक्काताईच. अशा वेळी खालच्या माणसाला नाराज करून चालत नाही.

“दुसरा नाही आक्काताई, पहिलाच आहे,” मी म्हणालो. “चित्रात पुढचं मागं दिसतं. त्याला शास्त्र आहे.”

“शास्त्र ठेव तुझ्या घरात. नळाखाली तांब्याचा हंडा काढलाईस, माझा ष्टीलचा हाय. मला वाचाय येत न्हाई, पर रंग कळतोय.”

आणि त्यांनी शिडी सोडली. मी खाली आलो. उतरलो असं म्हणवत नाही.

या भानगडीत मी पडलो तो माझ्यातल्या कलावंतामुळं. खरं तर माझ्यात कलावंत आहे हे तोवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. स्टँडसमोर ‘धनू आर्ट्स’ नावाची माझी टपरी होती. फ्लेक्स यायच्या आधीचे दिवस. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं माझ्याकडं. अक्षर माझं देखणं, हे माझे वैरीही कबूल करत. चेहरे मात्र जमत नसत. माझ्या हातून निघालेला प्रत्येक चेहरा माझ्या भडगावच्या आत्यासारखा दिसे. एकदा तालमीच्या भिंतीवर पैलवान काढला, तर तिथंही आत्याच उभी राहिली, फक्त लंगोट घातलेली. वस्तादांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

दुसरं एक धंद्यातलं सांगायला हवं. पाट्या रंगवणारा माणूस अक्षरं काढतो, वाचत नाही. त्याचं लक्ष वेलांटीच्या वळणावर असतं, शब्दावर नसतं. पिठाच्या गिरणीवर मी ‘येथे दळण मळून मिळेल’ असं लिहिलं होतं आणि लांब जाऊन अक्षरं एका उंचीची आलीत का तेवढं बघितलं होतं. गिरणीवाला येऊन बोंबलला तेव्हा कळलं.

तर खाणवस्ती. सांगलीच्या अंगाला, दुष्काळी पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. गावाच्या टोकाला बंद पडलेली दगडाची खाण आणि तिच्याभोवती वाढलेली ही वस्ती. पाण्याला एकच हापसा, तोही उन्हाळ्यात नुसता खोकायचा. बायकांनी नगरपालिकेवर रिकाम्या हंड्यांचे मोर्चे नेले आणि शेवटी नळ मिळवला. मोर्चांच्या मागं होत्या नीरजाताई. पुण्याहून आलेल्या, एका संस्थेत काम करणाऱ्या, सायकलवरून फिरणाऱ्या. नळ बालवाडीच्या भिंतीला बसणार असं ठरलं तसं त्यांच्या मनात आलं, की त्या भिंतीवर बायकांच्या लढ्याचं मोठं चित्र काढायचं. बाहेरचा चित्रकार नको, गावातलाच कलावंत हवा. गावातला दुसरा पेंटर तेव्हा काविळीनं आजारी होता.

“भिंत बोलली पाहिजे, धनपाल,” नीरजाताई म्हणाल्या.

“बोलेल की ताई,” मी म्हणालो. निवडणुकीत माझ्या भिंती पुष्कळ बोलल्या होत्या.

मी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पाणी सर्वांचं’. त्यातला ‘र्व’ मी आयुष्यात काढलेला सर्वांत सुंदर ‘र्व’ होता. खाली डाव्या टोकाला खरा नळ, आणि नळापासून उजवीकडं चित्रातल्या बायकांची रांग. चार बायका झाल्या तशी वस्ती बघायला आली, आणि गडबड झाली.

“ह्यातली मी कोण?” एकीनं विचारलं.

“ह्या समद्या एकीच्याच लेकी दिसत्यात,” दुसरी म्हणाली.

आत्या चार वेळा उभी होती. मी म्हणालो, हे समतेचं प्रतीक आहे. नीरजाताईंनी मान डोलावली, पण बायकांना समता तोंडावर नको होती. मोर्चात उन्हात आपण चाललो, मग भिंतीवर आपणच दिसायला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. तेव्हा तोड काढली आक्काताईंनी. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. मोर्चात पुढं त्याच, भांडणात पुढं त्याच.

“हंडे काढ आमचे. ज्याचा त्याचा हंडा, त्यावर ज्याचं त्याचं नाव. तोंडाचं आम्ही बघून घिऊ.”

आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. लग्नातला हंडा असो की बाजारातली वाटी, कासाराकडून ठोकून नाव घालून घ्यायचं. प्रत्येक हंडा आपलं नाव पोटावर घेऊनच होता. मला फक्त ते उतरून घ्यायचं होतं.

मग हंड्यांचा नंबर कसा लावायचा यावरून जुंपली. मोर्चात सगळ्या एक होत्या. नळ आला आणि पहिलं पाणी कुणाचं यावरून झिंज्या धरायची पाळी आली. आक्काताईंनी तेही मिटवलं.

“चितरात जी जागा, तीच नळावर जागा. येकदा भितीवर आलं की कुणी तोंड उघडायचं न्हाई. पैला हंडा माझा.”

सगळ्यांनी मान्य केलं. मग मी सकाळी सकाळी हापशावर जाऊन रांगेतल्या हंड्यांवरची नावं कागदावर उतरून घेतली.

रांगेपासून लांब, एका सपाट दगडावर एक तांब्याचा हंडा ठेवलेला होता. पोटाला पोचा आलेला, वर काळवंडलेला. सगळ्या स्टीलच्या चकाकत्या हंड्यांत हा एकच तांब्याचा. मला वाटलं कुणाचा तरी राहिला असेल. मी उचलला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं घासून नाव मोकळं केलं आणि उतरून घेतलं. मान वर केली तर हंड्याची मालकीण समोर उभी होती.

“हात लावलास?” तिनं विचारलं.

“नाव दिसत नव्हतं, मावशी.”

तिचं नाव पुतळाबाई. नगरपालिकेत गटारीच्या कामाला होती. वस्तीत जात कुणी तोंडानं काढत नसे. ‘गटारीचं काम करती, शिवाशिव नगं,’ एवढंच म्हणत आणि सगळ्यांना सगळं कळे. मोर्चात तीही रिकामा हंडा घेऊन चालली होती, सगळ्यांत मागं. हापशाला ती हात लावत नसे. सगळ्यांचं झालं की आक्काताई एक कळशी वरून तिच्या हंड्यात ओतत. तेवढ्यानं तो अर्धा भरे आणि ती अर्धा हंडाच घेऊन जाई.

भरला हंडा एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. बाई तो गुडघ्यापर्यंत उचलते, इकडंतिकडं बघते आणि म्हणते, “हात लाव गं.” मग जी जवळ असेल ती हात लावते, कालच भांडलेली जाऊसुद्धा. पुतळाबाईनं हे कधी कुणाला म्हटलं नव्हतं. मी मात्र तेव्हा समजत होतो की तिच्या हंड्याला मधोमध भोक असेल. कलावंताची नजर.

आता तो हंडा पहिला कसा आला ते सांगतो. नगराध्यक्षांच्या हातून नळाचं उद्‌घाटन व्हायचं होतं, पण नळ आधीच गळत होता. त्याच्या बाजूची भिंत ओलीचिंब. मी इमानेइतबारे आक्काताईंचा हंडा तिथं काढला. सिल्व्हर रंगाचा पापुद्रा दुपारपर्यंत खाली आला. परत काढला, परत आला. आता ओल्या भिंतीवर टिकेल असा माझ्याकडं एकच रंग होता, सोसायटीच्या फाटकाचं काम करून उरलेला रेड ऑक्साईड. तांबूस तपकिरी. त्या रंगात स्टीलचा हंडा कसा काढणार? तांब्याचाच काढावा लागणार, आणि तांब्याचा हंडा अख्ख्या कागदावर एकच होता. मी तो काढला, कागदावरचं नाव वेलांटीसकट उतरवलं, आक्काताईंना एक जागा उजवीकडं सरकवलं आणि चहा प्यायला गेलो.

पुढं लोकांनी त्याला दृष्टी म्हटलं. तो डब्याचा तळ होता.

शिडीवरून खाली आल्यावर मी आक्काताईंना हे सगळं खरं सांगितलं. त्यांनी ओल्या भिंतीला हात लावून बघितला.

“आनि त्यो हंडा कुणाचा काढलास, ठावं हाय?”

“दगडावरचा. त्या गटारीच्या...”

“पुतळीचा.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “उद्या तिचा हंडा पैला लागला तर माझ्या मागं एक बाई ह्या नळाचं पानी पिनार न्हाई. मग काय करायचं? सकाळी सायेब यायच्या आत पुसायचं. काय?”

“पुसतो,” मी म्हणालो. माझ्यातला कलावंत अशा वेळी नेमका घरी नसतो.

त्या गेल्या. मी सामान आवरत होतो, तेवढ्यात पुतळाबाई कामावरून आली. झाडू भिंतीला टेकवून चित्रापुढं उभी राहिली. तिलाही वाचता येत नव्हतं. पण पोचा मी हुबेहूब काढला होता, पोचे मला जमतात.

“ह्यो माझा हंडा?”

“हो. पण पुसायचा आहे. चुकून आलाय तिथं.”

ती म्हणाली, “पुस की. पर मग लांब काढ.”

“म्हणजे?”

“त्या दगडावर. दगडबी काढ. रांगंत शेवटाला घालू नगस. मी हाय कुठं रांगंत? हाय तितंच काढ.”

मी वर बघितलं. ‘पाणी सर्वांचं’. त्याच्याखाली एक दगड काढायचा आणि दगडावर एकटा हंडा. माझा तो देखणा ‘र्व’ मला पहिल्यांदाच वाचता आला आणि बरं वाटलं नाही.

“ते बरं दिसणार नाही, मावशी.”

“दिसतंय की रोज,” ती म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.

घरी जेवण गेलं नाही. आईला वाटलं पोट बिघडलं, तिनं ओवा दिला. पुसावं तर पुतळाबाई डोळ्यांपुढं येई, ठेवावं तर आक्काताई. मी ठरवलं की सकाळी जाऊन आधी चुना मारून जागा कोरी करायची आणि मग सुचेल ते काढायचं. न सुचलं तर कमळ काढायचं. कमळ मला येतं.

सकाळी चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी पोचलो आणि कुंचला बुडवला, तेवढ्यात मागं जीप थांबली. नगराध्यक्ष आबासाहेब निकम वेळेआधी हजर. आमच्या तालुक्यात असं आधी घडलं नव्हतं, नंतरही घडलेलं ऐकलं नाही. त्यांना पुढं एक लग्न गाठायचं होतं. माझ्या हातातला कुंचला बघून ते कौतुकानं म्हणाले, “शेवटचा हात मारताय वाटतं.”

“हो साहेब,” मी म्हणालो आणि कुंचला बादलीत सोडून दिला.

धावपळ झाली. सतरंजी आली, हार आला, बातमीदार कॅमेरा घेऊन आला. आक्काताई हळदीकुंकू लावलेला स्टीलचा हंडा घेऊन नळापाशी उभ्या राहिल्या. चित्राकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा त्यांनी जे बघितलं, ते मला अजून आठवतं. पुतळाबाई लांब तिच्या दगडापाशी उभी होती.

निकम नावं मोठ्यानं वाचत उजवीकडून डावीकडं आले. प्रत्येक नावाला त्या त्या घरची माणसं टाळ्या वाजवत होती. “सौ. शालन बबन लोखंडे. सौ. आक्काताई पांडुरंग माने.” मग ते शेवटच्या, म्हणजे पहिल्या हंड्यापाशी आले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

“सौ. पार्वतीबाई ज्ञा. निकम.”

तेव्हा मीही ते पहिल्यांदाच वाचलं. अक्षरं एका उंचीची आली होती.

नीरजाताई माझ्या कानात म्हणाल्या, “या कोण?”

“ह्यांच्या आई,” मी म्हणालो. “वारल्या तीन वर्षांपूर्वी.”

निकम वळले. डोळे भरले होते. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. “माझी आई,” ते म्हणाले, “विहिरीवरनं पाणी आणून आणून म्हातारी झाली. तुम्ही तिला ह्या रांगेत पहिलं उभं केलंत. मी हे विसरणार नाही. ही आईची जागा आहे. ही जागा कुणी हलवायची नाही.” टाळ्या पडल्या. आक्काताईंनी टाळी वाजवली नाही, त्यांच्या हातात हंडा होता.

“पण आईचं नाव तुम्हाला सुचलं कसं?” निकम म्हणाले.

ते माझ्याकडं बघत होते. मी बादलीकडं बघत होतो.

“नाव हंड्यावर हाय सायेब,” लांबून पुतळाबाई बोलली. “हंडा माझ्याकडं हाय.”

सगळे वळले.

“तुमच्याकडं कसा?”

“म्हातारीला शेवटची आंघुळ घातली, त्या पान्याचा हंडा. घरात ठिवत न्हाईत तसला. बाराव्याला तुमच्या वैनीसायबांनी परसदारी दिला मला. दुसरं कोन घेणार हुतं?”

बातमीदाराचा कॅमेरा तसाच वर राहिला. निकमांनी नुकतंच सांगितलं होतं की ही आईची जागा आहे, कुणी हलवायची नाही. ऐकायला सगळी वस्ती होती. त्यांच्या मनात त्या वेळी मतं होती की आई होती, मला सांगता यायचं नाही. पण ते बोलले तेव्हा आवाज सभेतला नव्हता.

“आणा तो हंडा,” ते म्हणाले. “पहिलं पाणी आईच्या हंड्यात.”

पुतळाबाई हंडा घेऊन निघाली. बायका बाजूला सरल्या. वाट द्यायला सरल्या की अंग चोरायला, दिसायला सारखंच होतं. निकमांनी हंडा हातात घेतला, त्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि नळाखाली ठेवला. “सोडा तुम्हीच.” पुतळाबाईनं पदराला हात पुसला आणि नळ सोडला. पाणी आलं. हंडा भरला, गळ्यापर्यंत भरला.

तिनं नळ बंद केला आणि हंडा कलता केला, अर्धं पाणी सांडायला.

“आवो, सांडताय का?” निकम म्हणाले.

“भरला उचलाय येत न्हाई सायेब. येकटीला.”

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पाऊस पडत नाही म्हणावं तसं बोलली. हंड्याला भोक नव्हतं.

कुणी हललं नाही. निकम पांढऱ्या कपड्यांत, लग्नाला निघालेले, त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं ते चित्राकडं. पहिल्या हंड्याच्या मागं दुसरा हंडा होता आक्काताईंचा, आणि चित्रात जी जागा तीच नळावर जागा, हे त्यांचेच शब्द होते. आक्काताई लाल झाल्या होत्या. पुटपुटल्या काहीतरी, बहुधा माझ्या सात पिढ्यांविषयी. मग त्यांनी आपला हळदीकुंकवाचा हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि वाकल्या.

“धर,” त्या पुतळाबाईला म्हणाल्या. “बघत काय बसलीस? धर तिकडनं.”

दोघींनी हंडा उचलला. पुतळाबाईच्या डोक्यावर तो चढला तेव्हा तिची मान थरथरली. तेवढ्या वजनाची मानेला सवय नव्हती. ती गेली. मागं राहिलेल्या बायका आता आक्काताई नळ धुतात का ते बघत होत्या. आक्काताईंनी नळाकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, आणि आपला हंडा तसाच तोटीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘कलावंताने शेवटच्या स्त्रीला दिले पहिले स्थान’. मी ते कात्रण फ्रेम करून टपरीत लावलं. शेजारी रेड ऑक्साईडचा डबा लावायला हवा होता. वस्तीत एकदम सत्ययुग आलं नाही. दोघीतिघी महिनोन्‌महिने नळ धुऊन पाणी भरत होत्या. पण नंबर बदला म्हणायला कुणी धजलं नाही. भिंतीवर नगराध्यक्षांची आई उभी होती.

मी एकदा पुतळाबाईला म्हणालो होतो, “मावशी, हंडा तुमचा. त्यावर तुमचं नाव घालू का?”

“येडा हाईस का? माझं नाव असतं तर तवाच पुसलं असतंस. म्हातारीचं हाय म्हनून टिकलंय.”

चुन्याची बादली तिनंही बघितली होती.

पुढं बरीच वर्षं गेली. निकम निवडणूक हरले, मग वारले. फ्लेक्स आले, माझा पाट्यांचा धंदा बसला, मी नंबरप्लेटवर आलो. एका सकाळी पुतळाबाई टपरीसमोर उभी. केस पांढरे झालेले, नोकरीतून सुटलेली.

“पेंटर, त्या हंड्यावरचं नाव खोड. माझं घाल.”

“आता कसं काय?”

“आक्काताईनं धाडलं. म्हनली, चितर फिक्कट झालंय. पेंटराला बलीव, आनि तुझं नाव घालून घे. कुनाच्या मेलेल्या आईच्या नावानं किती दिस पानी भरायचं?”

मी जुने ब्रश शोधून काढले. भिंत आता कोरडी होती, कुठलाही रंग चालला असता. मी रेड ऑक्साईडच घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी अक्षर काढता काढता वाचत होतो. पु. पुत. पुतळा. त्यामुळं असेल, अक्षरं थोडी वाकडी आली.

“वाच,” ती म्हणाली.

“पुतळाबाई रामचंद्र कांबळे.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. ती जवळ जाऊन चित्रातल्या बाईकडं बघत राहिली.

“नाव झ्याक. पर त्वांड माझं न्हाई.”

“ते माझ्या आत्याचं आहे, मावशी. मला दुसरं येत नाही.”

“असू दे. गरीब दिसती,” ती म्हणाली आणि नळाकडं वळली. तिनं आल्या आल्या लावलेला हंडा मघापासून भरून वाहत होता. तिनं नळ बंद केला, हंडा गुडघ्यापर्यंत उचलला आणि इकडंतिकडं बघितलं. जवळ मीच होतो.

“बघत काय बसलाईस? हात लाव.”

माझे हात रंगानं बरबटले होते. मी तसेच लावले.